आईच्या पाठीवर सात वेळा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्याशी माझं भांडण संपलेलं नाही, आणि ते संपवावं म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही. परवा अमळनेरला एका लग्नाला गेले होते. हातात ताट घेऊन बसायला जागा शोधत होते, तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत समोर आला आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पायांकडे बघून त्याने हात जोडले. "आबानी पोर शे ना तू? तुना पाय लागना व्हता माले. तव्हयपशी कंबर दुखनी नही." मग त्याने आजूबाजूच्यांना तुमची सगळी थोरवी ऐकवली. कसे देवमाणूस होतात, कधी कुणाकडून पैसा घेतला नाहीत, पहाटे कुणी दार वाजवलं तरी कपाळाला आठी नाही. मी म्हटलं, बाबा, मी धुळ्यात पाठीच्या आणि मणक्याच्या दुखण्यावर उपचार करते, शिकून करते, इतकी वर्षं करते. त्याने मान हलवली आणि पुन्हा माझ्या टाचेकडे बघितलं. मी भरीत-पुरीचं ताट तसंच बाजूला ठेवून दिलं. मी काहीही शिकले तरी त्या गावात मी तुमच्या ओट्यावरचा पायच राहणार आहे, आणि हे तुम्ही करून ठेवलंत.

मी पायाकडून जन्मले. सुईणीने आम्हा दोघींना कसंबसं वाचवलं आणि बाहेर येऊन तुम्हाला पहिली बातमी दिली ती मुलगी झाल्याची नाही, पायाळू झाल्याची. हे तुम्हीच कौतुकाने सांगायचात. पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला दंडाला धरून घरात ओढायची. तुम्हाला त्यातलं विजेचं काही आठवायचं नाही, उसणीचं तेवढं बरोबर आठवायचं. तुम्ही जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतात. कापसाच्या हंगामात भरलेले बोरे उचलून उचलून रोज कुणा ना कुणा हमालाच्या कमरेत चमक भरायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाकडा होऊन आपल्या दारात. "आबा, पोरले उठाडा जरा. चमक भरनी शे." मी सहा वर्षांची असेन. डोळे चोळत बाहेर यायचं, तोंड धुवायचं नाही, काही खायचं नाही, बोलायचं नाही. तो ओट्यावर पालथा पडलेला. तुम्ही माझा हात धरून उभे, आणि मी उजवी टाच त्याच्या कमरेवर सात वेळा टेकवायची. साध्या उसणीला एक दिवस पुरे. दुखणं जुनं असेल तर दर रविवारी आणि बुधवारी, असे सात दिवस. मला त्या पाठींचा ओला गरमपणा अजून टाचेत जाणवतो. कपाशीची बारीक तूस त्यांच्या घामाला चिकटलेली असायची आणि ती माझ्या पायाला लागायची. मग मी न्हाणीत जाऊन दगडाने टाच घासायची. तुम्हाला ते दिसायचं, आणि तुम्ही हसायचात.

पैसा घेतला नाहीत हे खरं. तुम्हाला वेगळंच काही मिळत होतं आणि ते काय, हे मला त्या दिवशी कळलं, ज्या दिवशी जिनिंगचा शेठ आला. ज्याच्यापुढे तुम्ही वर्षभर टोपी हातात घेऊन उभे राहायचात, तो आपल्या ओट्यावर बनियन वर करून पालथा पडला होता. तुम्ही मला नेहमीसारखी घाई केली नाहीत. माझा हात धरून सावकाश एक, दोन, तीन म्हणत राहिलात आणि मध्येच गल्लीत कोण कोण बघतंय ते बघून घेतलंत. शेठ उठून गेल्यावर आईला म्हणालात, "आज चहा जरा गोड कर." त्याच आठवड्यात धुळ्याहून माझ्यासाठी चामड्याच्या चपला आणल्यात. गल्लीतल्या पोरी अनवाणी हिंडत होत्या आणि माझ्या पायात करकरणाऱ्या चपला. मी दोन दिवस त्या उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी खेळताना एक तुटली तर तुम्ही चपलेबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, माझा पाय हातात घेऊन टाचेला काही लागलं नाही ना एवढं बघितलंत. तेव्हा मला तो लाड वाटला. आता वाटतं, बैलाचा खूर बघतात तसं बघितलंत.

एकदा मी नाही म्हटलं. सातवीत होते, अंगात थोडी कणकण होती, आणि बाहेर एक अनोळखी माणूस कंबर उघडी टाकून पडला होता. मी म्हटलं, मला लाज वाटते, मी पाय लावणार नाही. तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं, लोकांना सांगता तरी आलं असतं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तो पाय तुना एकलीना नही, बठ्ठा गावना शे." आणि मला ओट्यावर आणून उभं केलंत. आबा, पोटच्या पोरीला तिचा पायही तिचा नाही असं सांगणारा बाप मी नंतर दुसरा पाहिला नाही.

आता आईचं. तेच लिहायचं होतं, बाकीचं सगळं मी तिथवर यायला लिहिलं.

मी नववीत होते. आई चुलीपुढे कळण्याची भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि एक हात मागे नेऊन ढुंगणाच्या खोबणीत दाबून धरायची. मग उठताना भिंत धरायची. दुखणं कमरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीत उतरायचं, पोटरीतून घोट्यापर्यंत. खोकला आला की ती आधी कशाला तरी घट्ट धरायची आणि मग खोकायची. पुढे पुढे ती उभ्यानेच स्वयंपाक करायला लागली, त्यासाठी तिने शेगडी कोनाड्यात ठेवली होती. शेजारची बाई म्हणाली होती की ही उसण नाही, ही धोंडशीर आहे, डॉक्टरला दाखवा. एवढी गोष्ट त्या निरक्षर बाईला कळत होती. उसण कमरेत भरते आणि कमरेतच राहते. धोंडशीर पायात उतरते. शेकडो माणसं ओट्यावर पालथी पाडून तुम्हाला एवढा फरक कळला नव्हता, कारण तुम्ही कधी कुणाला विचारलंच नाहीत की बाबा, दुखतंय कुठे आणि जातंय कुठवर. तुम्हाला ते विचारायची गरज नव्हती. तुमच्याकडे उत्तर आधीच तयार होतं, ते माझ्या उजव्या पायाला होतं.

मी तुम्हाला म्हटलं होतं, आईला दवाखान्यात न्या. एकदाच म्हटलं, पण म्हटलं होतं. तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवून म्हणालात, "पोर पायाळू, आनि तिनी मायले दवाखानामा लई जाऊ? लोके काय म्हनतीन?" हे वाक्य मी कधी विसरणार नाही. तुमच्या ओट्याचा मान राहावा म्हणून घरातली बाई त्याच ओट्यावर बरी व्हायला हवी होती. पुढच्या रविवारपासून तुम्ही सात दिवस धरलेत. हमालांना टाच नुसती टेकवायची असे. आईच्या वेळी तुम्ही म्हणायचात, वजन टाक, अजून टाक. मी पूर्ण उभी राहायची तिच्या पाठीवर. ती पदर दातात धरून पडलेली असायची. बुधवार, रविवार, बुधवार, रविवार. सातव्या खेपेला, रविवारी सकाळी, मी खाली उतरले आणि आई उठेना. आपण दोघांनी तिला बसवलं, उभं केलं. पाऊल टाकायला गेली तर उजवा पंजा खाली लोंबला आणि चवड्यावर घासत गेला. तिचं लुगडं ओलं झालेलं होतं आणि तिला ते कळलेलं नव्हतं. तुम्ही तरीही तो दिवस जाऊ दिलात. संध्याकाळपर्यंत उतार पडेल म्हणालात.

सोमवारी धुळ्याला नेलं. एसटीच्या मागच्या बाकावर तिला आडवं टाकून नेलं, आणि रस्ताभर तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पायाला टाचणी लावून बघितली, मग विचारलं की बसायच्या जागी बधिरपणा कधीपासून आहे, लघवीचं कळत नाही हे कधीपासून. आईने तोंड भिंतीकडे केलं. तुम्ही म्हणालात, कालपासून. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले की हे एका दिवसाचं वाटत नाही, चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ऑपरेशन झालं. वेदना गेली. पंजा उचलला जाईना तो कधीच उचलला गेला नाही, आणि लघवीचं तर बोलायचीच सोय राहिली नाही. त्यानंतर आई लग्नाला गेली नाही, एसटीत बसली नाही, देवळातही पायरीवर पाच मिनिटांच्या वर थांबली नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून ठेवायची आणि त्या वाळत घालताना वर दुसरं कापड पसरायची. जेमतेम चाळिशीतली बाई. तुम्ही ओटा बंद केलात, ते कुणालाही कारण न सांगता. लोकांना वाटलं, पोर मोठी झाली म्हणून आबांनी बंद केलं. तेही तुमच्या मोठेपणात जमा झालं.

त्या दवाखान्यात एक बाई आईला चालायला शिकवायची. पंजा कसा धरायचा, गुडघा कसा उचलायचा, हे तिने मला दाखवलं. मला कुणीतरी पहिल्यांदाच हात कुठे ठेवायचा ते सांगत होतं. मी फिजिओथेरपी शिकले ती त्या बाईमुळे, तुमच्यामुळे नाही. लोक म्हणतात, पायाळू होतीस, गुण अंगातच होता. असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुढे पुण्याला एका सरांकडे काही महिने होते. ते परदेशात कायरोप्रॅक्टिक शिकून आले होते, अडकलेला मणका हाताने नेमका हलवून मोकळा करायची विद्या. मला वाटलं, पहिल्या दिवसापासून कडकड आवाज काढायला शिकवतील. त्यांनी दोन महिने कुणाच्या पाठीला हात लावू दिला नाही. नुसतं विचारायचं आणि ऐकायचं. कुठे दुखतं, कुठवर जातं, बसल्यावर वाढतं की उभं राहिल्यावर, एका पायात की दोन्ही पायांत. तिथे मला कळलं की तुमच्या ओट्यावर लोक बरे का व्हायचे. साधी उसण आठवड्याभरात आपली आपण उतरते, तिच्यावर टाच टेकवा नाहीतर केरसुणी. धोंडशीर म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या शिरेचं मूळ दाबलं जाणं. तीही बहुतेकांची काही आठवड्यांत निवळते. थोडं चालणं, बसायची-उठायची पद्धत बदलणं, आणि जाणत्या हाताने मणका मोकळा करणं, याने माणूस लवकर सावरतो. पण बसायची जागा बधिर झाली असेल, लघवीचं कळेनासं झालं असेल, तर त्या पाठीला आम्ही हात लावत नाही. रिक्षा बोलावतो. तिथे तास मोजायचे असतात. माझ्या वजनाने आईची गादी सरकली असं मी म्हणत नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वेळ गेला, एवढं सांगता येतं.

आणि मग तुम्ही आलात. मी धुळ्यात खोली घेऊन काम सुरू केलं त्याला तीन-चार वर्षं झाली होती, आई जाऊन एक वर्ष. साक्रीकडून आलेली एक बाई कंबर धरून बाहेरच्या बाकावर बसली होती, तिच्या शेजारी तुम्ही उभे, एका अंगाला कललेले, धोतराचा सोगा मुठीत. अमळनेरहून एसटीने उभ्याने आला होतात, कारण बसवत नव्हतं. धोंडशीर. मला आनंद झाला, आबा. खोटं कशाला बोलू. तुम्हाला पलंगावर चढताना कण्हताना ऐकून मला बरं वाटलं. तुम्ही पालथे पडलात, तोंड उशीत, आणि म्हणालात, "हात ऱ्हाऊ दे. पाय लाव ना." मी म्हटलं, इथे पाय लावत नाहीत. इथे आधी विचारतात. मग तुम्हाला कुशीवर घेऊन एकेक विचारलं. शेवटी विचारलं की बसायच्या जागी बधिर वाटतं का, लघवी लागलेली कळते का. तुम्ही पहिल्याला नाही म्हणालात, दुसऱ्याला कळते म्हणालात. तोंड भिंतीकडे केलंत. मग म्हणालात, "तुनी मायले हाई कोनी इचारं नही."

मी म्हटलं, तुम्ही विचारायला हवं होतं.

तुम्ही मान हलवलीत. वाद घातला नाहीत, लोक काय म्हणतील असं म्हणाला नाहीत. नुसती मान हलवलीत आणि डोळे मिटून घेतलेत.

तुम्ही महिनाभर दर आठवड्याला आलात आणि सरळ झालात. आणि मग अमळनेरला जाऊन पारावर काय सांगितलंत तेही मला कळलं. "पोरनी पाय लावा, मी चालाले लागनू." दहा लोकांनी येऊन मला ते ऐकवलं. माझी पदवी, माझे हात, माझी इतकी वर्षं तुम्ही एका वाक्यात पुन्हा टाचेत घातलीत. त्यानंतर मी तुमच्याशी नीट बोलले नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी आले, सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला.

इथे हे थांबवणार होते. पण त्या मान हलवण्याचं मला अजून काहीतरी लिहायचं आहे, आणि ते तुमच्याखेरीज कुणाला लिहिण्यासारखं नाही. तुम्हीही ते वाचणार नाही म्हणून लिहिते.

आईला कुणी विचारलं नव्हतं, पण तिने सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी, मी शाळेतून आले तेव्हा ती पाटावर बसून होती. म्हणाली, "बसनी का खाले पाट शे का भुई, काही समजत नही. लघवीनं बी तसंच. कोनले सांगू नको." मी हो म्हटलं. तिने सांगू नको म्हटलं म्हणून मी गप्प राहिले असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण ते पुरतं खरं नाही. दोन खेपा उरल्या होत्या, बुधवारची आणि रविवारची. मला वाटलं, सात पुऱ्या झाल्या की ती उठेल. माझ्या पायाने उठेल. आबा, शेठ पालथा पडला होता त्या दिवशी गल्लीत कोण कोण बघतंय ते मीही बघितलं होतं. माझाही त्या पायावर विश्वास होता, तुमच्याइतकाच. तिला दवाखान्यात न्या म्हणायचं मला सुचलं होतं ते आधी, सात दिवस धरायच्या आधी. ती हे बोलली त्यानंतर मी एकदाही म्हटलं नाही. डॉक्टरांनी कधीपासून असं विचारलं तेव्हा मी आईची पिशवी धरून तिथेच उभी होते. तुम्ही कालपासून म्हणालात, कारण तुम्हाला कालच कळलं होतं.

आणि त्या पलंगावर तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत, मान हलवलीत, डोळे मिटलेत. खोलीत आपण दोघंच होतो. मला सांगता आलं असतं. मी तुमच्या कमरेवरचा हात काढला आणि म्हटलं, आबा, आता दुसऱ्या कुशीवर वळा.